आभाळाचा निकाल

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीवर आकाशातून बर्फ पडतो तो फक्त गारांच्या रूपात. फाल्गुनाच्या सुमारास एखाद्या दुपारी ढग काळवंडतात, वारा दिशा बदलतो आणि पाव तासात काढणीला आलेला गहू, कांदा, बागेतली द्राक्षं झोडपून निघतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांवर अशी गारपीट कोसळली होती. एरवी या गावाचं आभाळाशी नातं वाट बघण्याचं आहे. घोड नदी भीमेला मिळते त्या टापूतलं, दौंडहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरातल्या परतीच्या सरींचा. कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस आणि लिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, पण बाजरी, तूर, ज्वारी अजून ढगाच्याच भरवशावर. इथल्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात पाऊस लांबला की विकणारे वाढतात, घेणारे आटतात आणि चांगली दुभती गाय पडेल भावात जाते. म्हणून जुलैत आभाळ स्वच्छ निळं असणं हे इथलं खराब हवामान. आणि आठवडाभर झाकोळून राहिलेलं, चिखल करणारं, वाट अडवणारं आभाळ हे चांगलं. ‘खराब हवामान’ असं म्हणणारा माणूस कुठे निघाला आहे, यावर त्या शब्दांचा अर्थ ठरतो. ही साधी गोष्ट धर्मातल्या एका अवघड प्रश्नाला जाऊन भिडते.

प्रश्न असा. माणूस एका पवित्र किंवा त्याला पवित्र वाटणाऱ्या वाटेवर निघाला आहे आणि हवामान बिघडलं. त्या बिघडण्यात त्याच्यासाठी काही निरोप असतो का? आपल्याकडे याचं उत्तर फार सहज दिलं जातं: ‘देव परीक्षा बघतोय.’ आषाढी वारीत पालावर रात्रभर पाणी कोसळलं की हे वाक्य ऐकू येतं, अमरनाथच्या वाटेवर बर्फ पडलं की येतं, आणि देवाचं नाव न घेणारे गिर्यारोहकसुद्धा ‘डोंगर पारखून घेतो’ अशा शब्दांत तेच सांगतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. थकलेल्याला चार पावलं पुढे नेण्याची ताकद त्या वाक्यात आहे. तरीही माझं म्हणणं असं, की तो विचार धार्मिक अंगानंच चुकीचा आहे. विज्ञानाशी त्याचं पटत नाही ही तक्रार बाजूला ठेवू. त्याचा खरा दोष हा, की त्यात माणूस देवाच्या मनातलं आपल्याला कळलं असं धरून चालतो, आणि एकदा ते धरलं की माघारी फिरणं पाप होऊन बसतं. बिघडलेल्या हवामानात माघारी फिरण्याला धर्मात मानाची जागा आहे. ती जागा या ‘परीक्षे’च्या कल्पनेनं बळकावली आहे.

आधी ज्यांचा देवाशी थेट संबंध नाही त्यांचं उदाहरण घेऊ, कारण तिथे मुद्दा उघडा दिसतो. बर्फाच्या मुलखात स्की टूरिंग नावाचा प्रकार आहे. आल्प्समध्ये तो जुना आहे, आपल्याकडे गुलमर्गच्या परिसरात चालतो. पायांना लांब स्की बांधायच्या, त्यांच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची – पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे – म्हणजे पाऊल पुढे सरकतं पण मागे घसरत नाही. तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्याची मदत न घेता तासन्‌तास चढायचं, माथ्यावर पट्टी काढायची आणि घसरत खाली यायचं. या खेळात वाईट हवामानाचा दिवस म्हणजे धुकं आणि बर्फ एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, क्षितिज पुसलं जातं, उतार कुठे सुरू होतो हे पायालाही कळत नाही. वारा एका बाजूचं बर्फ उचलून दुसऱ्या बाजूच्या उतारावर रचतो आणि खालच्या जुन्या थराशी न जुळलेला तो नवा थर माणसाच्या वजनानं सुटतो. बहुतेक घातक हिमलोट तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि घसरायला आवडणारे उतारही नेमके तेच. म्हणून तिथे रोजच्या रोज हिमलोटाच्या धोक्याचं पत्रक निघतं, युरोपात तो धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगतात, आणि शहाणी टोळी घरातून निघतानाच परत फिरण्याची वेळ ठरवते. ती वेळ झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी फिरायचं. इथे ‘डोंगर पारखतो’ ही भाषा शिरली की काय होतं? परत फिरणारा पारखीत उतरला नाही असं ठरतं. मग वेळ पाळणं हा भित्रेपणा, पत्रक वाचणं हा अविश्वास, आणि जो गाडला गेला तो अपात्र. शेवटचं वाक्य कुणी उघड उच्चारत नाही, पण परीक्षेची कल्पना मान्य केली की ते चुकवता येत नाही. परीक्षा आहे म्हटलं की नापास होणारा आलाच.

हेच वाक्य आता अमरनाथच्या वाटेवर ठेवून बघू. गुहा सुमारे ३,९०० मीटर उंचीवर. पहलगामकडून जाणारी जुनी वाट शेषनाग, पंचतरणी करत त्याहूनही उंच खिंडीतून जाते. १९९६च्या ऑगस्टमध्ये, यात्रा भरात असताना, तिथे अवेळी पाऊस आणि मागोमाग बर्फ कोसळलं. त्या वर्षी यात्रेकरूंची संख्या व्यवस्थेच्या अंदाजापलीकडे गेली होती. कितीतरी जणांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, वाटेवर आसरा अपुरा होता. सुमारे २४० माणसं गेली, बहुतेक थंडीनं आणि थकव्यानं. नंतर नितीश सेनगुप्ता समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी रोजच्या यात्रेकरूंची संख्या, नोंदणी, आसरे, अशा रोखठोक गोष्टींच्या होत्या. आज हवामान बिघडलं की यात्रा थांबवतात, आरोग्याचा दाखला लागतो. यातल्या एकाही गोष्टीनं श्रद्धेला उणेपणा आला असं कुणी म्हणत नाही. मग विचारायला हवं, की त्या २४० जणांची कसली परीक्षा झाली? गरम कपडा नसणं ही भक्तीतली उणीव होती का? जो घोड्यावर होता किंवा आधी निघाल्यामुळे बालटालला उतरून गेला होता तो जास्त भाविक होता का? ज्याला या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशी द्यावीशी वाटतात – आणि कुणाही सहृदय माणसाला तसंच वाटेल – त्यानं परीक्षेची भाषा सोडून दिली पाहिजे. ती भाषा वाचलेल्यांना पदक देते आणि त्याच हातानं मेलेल्यांवर शिक्का मारते.

केदारनाथनं हा पेच आणखी घट्ट केला. १६ आणि १७ जून २०१३ला तिथे लोंढे आले, चोराबाडी हिमनदीजवळचं तळं फुटलं. वरून पाऊस, खालून वितळतं बर्फ. उत्तराखंडात चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. मंदिर उभं राहिलं, कारण वरून वाहत आलेली एक प्रचंड शिळा त्याच्या पाठीशी अडकली आणि लोंढा दुभंगला. लोकांनी तिला भीमशिला म्हटलं, तिची पूजा सुरू झाली. त्या शिळेपुढे हात जोडणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण ‘देवानं आपलं घर वाचवलं’ हे वाक्य पूर्ण केलं तर ‘आणि दाराशी आलेल्यांना जाऊ दिलं’ हेही म्हणावं लागतं, आणि ते म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरीकडे, त्याच १६ जूनला अलकनंदेवरच्या वीजप्रकल्पासाठी धारीदेवीची मूर्ती जागेवरून हलवली होती, म्हणून देवीचा कोप झाला असंही बोललं गेलं. कोप कंत्राटावर आणि मरण यात्रेकरूंना, हा कुठल्या देवीचा न्याय? नव्वदचं दशक पाहिलेल्या मराठी माणसाला किल्लारीच्या भूकंपाची आठवण असेल: ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती बोळवून झोपलेली गावं, आणि दगडामातीच्या भिंतींखाली हजारो माणसं. तिथेही पाप-पुण्याचा हिशोब मांडणारे होते. त्याही आधी, १९३४च्या बिहारच्या भूकंपानंतर, गांधीजींनी हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असं म्हटलं, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींनी ती हरकत ‘हरिजन’मध्ये छापली, हे त्यांचं मोठेपण. ज्या पापाविरुद्ध ते बोलत होते ते खरंच पाप होतं, आणि तरी रवींद्रनाथांचं बरोबर होतं असं मला वाटतं. कारण मातीखाली गेलेल्यांत ज्यांच्यावर ते पाप झालं तेही होते. हेतू कितीही पवित्र असला तरी निसर्गाला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं की पहिला अन्याय निरपराधावर होतो.

आता पुन्हा काष्टीकडे येऊ, कारण माझा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे. २०१२-१३चा दुष्काळ नगर जिल्ह्याला विसरता येण्यासारखा नाही. पाऊस हुकला, विहिरी तळाला गेल्या, चाऱ्यासाठी छावण्या उघडाव्या लागल्या आणि माणसं आपल्या जनावरांच्या दावणीशी महिनोन्‌महिने छावणीतच राहिली. त्यानंतरच्या जून महिन्यात मोसमी पाऊस वेळेत आणि जोरात आला. देशावर तो इतक्या वेगानं पसरला, की साधारण जुलैच्या मध्याला जो संपूर्ण देश व्यापायचा तो १६ जूनलाच व्यापून बसला. म्हणजे ज्या पावसानं नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची वर्षभराची घुसमट मोकळी केली, त्याच मोसमी पावसाच्या लवकर आलेल्या लाटेनं केदारनाथची वाट पुसली. यात्रा नेहमी पावसाआधी भरात येते. पाऊस लवकर पोचला तेव्हा वाटेवर माणसांची गर्दी होती, हे त्या मरणामागचं साधं कारण. आता त्या पावसाला एक पत्र समजा आणि त्यावरचा पत्ता वाचून दाखवा. काष्टीत तो कृपा, केदारनाथात तो कोप, आणि मधल्या कुठल्याशा गावात नुसता दमट दिवस. एकाच पत्रात इतके निरनिराळे निरोप असतील तर तो पत्ता वाचणाऱ्यानं स्वतः लिहिलेला असतो. पावसाचा अर्थ ‘माझ्यासाठी’ असा लावताना मी जगाच्या मधोमध स्वतःला बसवतो. भक्ती जर काही असेल तर ती त्या मध्यातून उठणं आहे, आणि म्हणूनच परीक्षेची कल्पना मला भक्तीच्या उलट दिशेनं जाणारी वाटते. ती नम्रतेसारखी दिसते, आत मात्र ‘एवढं आभाळ माझ्यासाठी फिरलं’ असा अहंकार असतो.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येईल, आणि तो वजनदार आहे. पाऊस कुणाला उद्देशून पडत नाही असं धरलं, तर पावसासाठी मागणं तरी कशाला? आपल्याकडे ‘देव पाण्यात घालून बसणं’ हा वाक्प्रचार उगाच झालेला नाही. अवर्षणात महादेवाची पिंड पाण्याखाली बुडवून ठेवायची, डोक्यावर कडुलिंबाचा डहाळा घेऊन पोरांनी दारोदार पाणी मागत धोंडी काढायची, हे सगळं पावसाशी आणि देवाशी एकाच वेळी बोलणं आहे. ते खोटं म्हणायचं का? माझ्या मते नाही, आणि फरक इथेच आहे. मागणारा माणूस देवाशी बोलतो. परीक्षा झाली असं सांगणारा देवाच्या वतीनं बोलतो. मागणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं, म्हणून तर तो मागतो. पाऊस आला तर तो हात जोडतो, नाही आला तर पुन्हा मागतो, पण ‘शेजारच्या गावाला पडला कारण ते पुण्यवान’ असा निकाल तो लावत नाही. आणि जेव्हा लावतो तेव्हा तो मागणारा राहिलेला नसतो. प्रार्थनेत माणूस स्वतःची गरज उघडी करतो. निकालात तो दुसऱ्याचं दुःख उघडं करून त्यावर बोट ठेवतो. या दोन गोष्टी एकाच देवळात घडतात आणि एकसारख्याच शब्दांत घडतात, म्हणून त्या एकच वाटतात.

दुसरा आक्षेप नेमाचा. वारकऱ्याचं सगळं आयुष्य नेमावर उभं असतं: वारी चुकवायची नाही, ऊन असो, पाऊस असो. पाऊस बघून घरी बसणारे असते तर शेकडो वर्षं ही वाट चालती राहिली नसती. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल ज्येष्ठ-आषाढात पडते, तेव्हा भिजणं हे त्या वाटेत धरलेलंच आहे. मग माघारीचं कौतुक हे आळसाला दिलेलं निमित्त नव्हे का? या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. गैरसोय आणि संकट यांत फरक करता आला पाहिजे, आणि गैरसोयीतून पार होण्यात खरंच काहीतरी घडतं. ओल्या कपड्यांनी दुसऱ्याला कोरडी जागा देणारा माणूस घरी असताना कदाचित तसा नसतो. देवाच्या प्रश्नपत्रिकेची त्याला गरज पडलेली नसते. सोबतच्या माणसाची अडचण दिसली, एवढं पुरतं. पण नेमाचा जो अर्थ ‘कोणत्याही स्थितीत तसंच’ असा लावला जातो, तो परंपरेनं स्वतः कधी लावलेला नाही. आपद्धर्म हा शब्द आपल्या शास्त्रांत आहेच. शास्त्रांपेक्षा मला परंपरेनं प्रत्यक्ष काय केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. अरणच्या सावता माळ्याचं बघा. पंढरपूर तिथून दोन दिवसांच्या चालीवर, आणि तरी सावता आपला मळा सोडून गेला नाही असं संप्रदाय सांगतो. त्याबद्दल त्याला कमी लेखणं सोडाच, आजही सावता महाराजांची पालखी पंढरीला जात नाही, विठ्ठलाची पालखी अरणला भेटीला येते. न गेलेल्याकडे देव चालत जातो, हे दरवर्षी रस्त्यावर करून दाखवणाऱ्या परंपरेला ‘पोचलास तरच खरा’ असं म्हणता येणार नाही.

आणि मग २०२० आलं. त्या वर्षीचं संकट आभाळातलं नव्हतं, हवेतलं होतं. पायी वारी झाली नाही. दशमीला, ३० जूनला, ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पादुका एसटीच्या फुलं लावलेल्या बसमधून मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या, दुसऱ्या दिवशी एकादशी झाली. २०२१लाही बसच होती, फक्त शेवटची थोडी वाट पायी. या निर्णयाबद्दल वारकऱ्यांत खंत होती, पायी चालू द्या अशी मागणीही झाली, आणि त्या मागणीमागची कळकळ खरी होती. पण ज्या लाखो लोकांनी आपापल्या उंबऱ्याच्या आत वारी केली त्यांचा नेम मोडला असं संप्रदायानं म्हटलं नाही. परीक्षेच्या तर्कानं पाहिलं तर तो मोठाच नापासांचा जथा ठरला असता. २०२२ला पालख्या पुन्हा रस्त्यावर आल्या तेव्हा कुणालाही शुद्ध करून घ्यावं लागलं नाही. नेम म्हणजे काय याचं इतकं स्पष्ट उत्तर एखाद्या ग्रंथातही क्वचितच मिळतं: नेमाची गाठ वाटेशी आणि सोबत्यांशी बांधलेली असते, आणि त्याच गाठीच्या ओढीनं कधीकधी पाऊल थांबवावं लागतं.

मग थांबायचं कधी, हे कुणी ठरवायचं? परीक्षा मानणारा म्हणतो, ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेच्या जोरावर ठरवावं. मला ते धोक्याचं वाटतं, कारण पोचण्याची हाव अंगात असताना माणूस स्वतःचा सगळ्यात वाईट सल्लागार असतो. बर्फावर जाणाऱ्या चांगल्या टोळ्यांनी यावर एक रीत बसवली आहे: टोळीतल्या कुणाही एकाला, मग तो सगळ्यात नवखा असेना, फिरायचं वाटलं तर सगळ्यांनी फिरायचं. त्याला कारणं विचारून खजील करायचं नाही. ही रीत वाचताना मला समाजआरती आठवते. माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की रात्री दिंड्या गोल करून उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे, कुणाचं काही हरवलं आहे, कुणावर अन्याय झाला आहे, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो आणि तिचं म्हणणं ऐकून घेतो. एवढ्या मोठ्या सोहळ्यात एका दिंडीच्या अडचणीसाठी सगळ्यांना गप्प उभं ठेवणारी ही व्यवस्था. आभाळाचा अर्थ लावण्याचं काम इथे कुणी एका सिद्धपुरुषावर सोपवलेलं नाही. अडलेल्याचा आवाज मुद्दाम ऐकू येईल अशी जागा राखून ठेवली आहे. देवाचा निरोप ढगात शोधण्यापेक्षा तो त्या न थांबलेल्या टाळांत ऐकणं मला अधिक धार्मिक वाटतं. अमरनाथच्या वाटेवर १९९६ला गरम कपडे नसलेल्यांचे टाळ कुणी ऐकले असते, तर त्या समितीला नंतर फारसं काही लिहावं लागलं नसतं.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जड जातो. तो युक्तिवादाचा कमी आणि दुःखाचा जास्त आहे. ज्या आईचा मुलगा केदारनाथहून परतला नाही ती म्हणते, ‘देवाची इच्छा होती.’ तिच्या हातातून हे एवढं वाक्य काढून घ्यायचं, आणि त्या जागी तळं, पाऊस, उतार यांची कारणं ठेवायची, हा कोरडेपणा नव्हे का? आभाळ कुणाशी बोलत नाही असं म्हटलं तर ते रिकामं होत नाही का? तिच्याकडून काहीही काढून घेऊ नये, हे माझं उत्तर. ती जेव्हा ते वाक्य म्हणते तेव्हा तो विलाप असतो. विलाप खरा-खोटा तपासायचा नसतो. तेच वाक्य लांबून बघणाऱ्यानं म्हटलं की तो निकाल होतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे आसरे का नव्हते, गर्दी का आवरली नाही, हे न विचारण्याची सोय असते. आभाळ रिकामं होण्याच्या भीतीबद्दल म्हणायचं, तर श्रीगोंद्याच्याच शेख महंमदांकडे बघावं. मुसलमान घरात जन्मलेल्या, विठ्ठलभक्तांत मिसळून गेलेल्या या संतानं ‘योगसंग्राम’ नावाचा ग्रंथ लिहिला, आणि त्यातला संग्राम माणसाच्या आतला आहे. लढाई आतल्या वैऱ्यांशी. ज्या काळात दुष्काळ, स्वाऱ्या आणि रोगराई बाहेर उभी होती त्या काळात त्यांनी लढाईची जागा आत हलवली, बाहेरच्या संकटाला देवाचा मोहरा केलं नाही. कसोटी हा शब्द ठेवायचाच असेल तर तो तिथे ठेवावा. वादळात पुढे गेलो की नाही ही ती कसोटी नव्हे. पोचण्याची हाव, मागे राहिलेल्याकडे दुर्लक्ष, आपण वाचलो म्हणजे आपण निवडले गेलो असं वाटण्याचा मोह – हे वैरी स्वच्छ उन्हातही तितकेच जवळ असतात.

काष्टीच्या तालुक्यातूनच दर आषाढी वारीला त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी जाते. नगर सोडलं की घोगरगाव, मग मिरजगाव, पुढे करमाळ्याकडे. साधारण त्याच दिवसांत पेरणी झालेली असते किंवा अडलेली असते. पालखीला भाकरी-पिठलं करून वाढणाऱ्या बायका, पालासाठी शाळेचं पटांगण झाडून देणारे लोक, हे सगळे शेतकरीच. मुक्कामाच्या संध्याकाळी त्यांना आभाळाकडून दोन गोष्टी हव्या असतात: आलेल्या माणसांची रात्र कोरडी जावी, आणि बाजरीला पाणी मिळावं. दोन्ही मागण्या एकाच तोंडानं, एकाच देवापाशी केलेल्या असतात. ढग भरून येतो तेव्हा कुणी म्हणत नाही, की यातलं कोणतं मागणं खरं ठरलं. शेतावरून पळत येऊन कुणीतरी ताडपत्री आणतो, दुसरा म्हाताऱ्या वारकऱ्यांना ओसरीवर घेतो, आणि पाऊस लागतो.